मला बुडवले तेव्हा

मित्रांनो, सत्तर फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद असे ध्यान तुम्ही कधी पाहिले आहे का? हसून घ्या एकदा, मग ऐका. मी लिनेट. इंग्लंडच्या मधल्या मुलखातल्या कालव्यावरची जुनी लाकडी मालबोट. मी अशी शिडशिडीत आहे ती काही हौस म्हणून नाही. आमच्या कालव्यात पाण्याच्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीला लाकडी दरवाजे. ते दरवाजेच एवढे अरुंद, की माझे अंग जरा जरी सुटले असते तरी मी पहिल्याच पायरीवर अडकून बसले असते!

१९११ साली माझा जन्म झाला. ओकच्या फळ्या वाफेवर मऊ करून माझ्या कुशी वाकवल्या. तळाला एल्म नावाच्या झाडाच्या जाडजूड फळ्या आडव्या ठोकल्या. फटींमध्ये डांबरात भिजवलेला काथ्या बसवला आणि बाजूंना डांबर फासले. तळाला मात्र काही म्हणजे काही लावले नाही. एल्मला रंग नको, तेल नको, त्याला फक्त पाणी हवे. ते पाणी पिऊन फुगते आणि मग फळीला फळी अशी बिलगते की मधून थेंबसुद्धा आत येत नाही. माझे पुढचे सगळे दुःख या एका गोष्टीतून आले.

टॉली कुटुंब माझ्यावर राहायला आले, तेव्हा त्यांची केझाया दोन वर्षांची होती. ती पाण्यात पडू नये म्हणून आईने तिच्या कमरेला पट्टा बांधला आणि त्याचे दुसरे टोक माझ्या मागच्या खोलीच्या धुराड्याला. म्हणजे मी तिचा पाळणा आणि पाळणाघर दोन्ही! आठव्या वर्षी ती खोक्यावर उभी राहून माझे सुकाणू धरू लागली. काठावरून घोडी दोराने ओढत चालायची, मागे पाण्यात मी, माझ्या पोटात पंचवीस टन कोळसा. माझ्या खोलीच्या दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले होते. पितळेच्या कड्या अशा लखलखायच्या की पुलावरची माणसे वाकून बघायची. खरे सांगते, तेव्हा मला फार गर्व होता.

मग त्रेसष्टचा हिवाळा आला. कालवा कित्येक आठवडे गोठून पडला. माल ट्रकने गेला तो गेलाच, परत आमच्याकडे आला नाही. मी केझायाच्या घराशेजारी काठाला बांधलेली राहिले, तेरा वर्षे. रंग उडाला, पोरे बाटल्या फेकून मारायची. पण केझाया रोज सकाळी पंप मारून माझ्यातले पाणी काढायची आणि उन्हाळ्यात बादलीने माझ्या वरच्या फळ्या भिजवायची. पुढे तिचे गुडघे बोलू लागले आणि शहात्तरच्या मार्चमध्ये तिने मला विकायचे ठरवले.

गिऱ्हाईक होते डेस्मंड पार्जिटर, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मला पाहिले आणि टोपीच काढली.

"मिस टॉली, मी हिला जीवापाड जपेन."

"जपा, मास्तर. पण लाडावून ठेवू नका. कोळसा वाहिलाय हिनं. तुमच्या चहाच्या किटलीनं काय तिची कंबर मोडणार नाही."

केझायाने त्यांना सगळे शिकवले. पितळ कसे घासायचे, दोर कसा गुंडाळायचा, पुलाखाली मी डावीकडे ओढते ती खोड कशी आवरायची. फक्त एक गोष्ट सांगितली नाही. लपवली नाही हो! ती सांगायची असते हेच तिच्या डोक्यात आले नाही.

मास्तरांनी मला दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत नेले. कालव्याचे पाणी अडवून बोट कोरड्यावर बसवायची ती जागा. गोदीचा मालक आयव्हर मनाचा चांगला, पण त्याची हयात लोखंडी बोटींत गेलेली.

"नीट वाळू द्या, मास्तर," तो म्हणाला. "खडखडीत वाळली की मग रंग कसा धरतो बघा!"

पंधरा दिवसांचे काम होते, त्याचे सात आठवडे झाले. त्या वर्षीच्या उन्हाची आठवण इंग्लंडमधले लोक अजून काढतात. गवत पिवळे पडले, कालव्यांचे पाणी खाली गेले. मास्तर रोज गुलाब रंगवायचे, एकेक पाकळी, जीभ दातांत धरून. संध्याकाळी मागच्या खोलीतली शेगडी पेटवायचे, ओल राहू नये म्हणून. किती प्रेमाने! आणि माझा तळ आतल्या आत आक्रसत होता. रात्री फळी तडकायची आणि मला ओरडता यायचे नाही.

जुलैच्या शेवटी आयव्हरने गोदीत पाणी सोडले. मास्तरांनी नवा शर्ट घातला होता. पाणी माझ्या बाजूंनी वर चढले आणि शंभर फटींतून आत धावले. मी तरंगलेच नाही. तिथेच बसून राहिले, पोटात पाणी घेऊन. मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला.

आयव्हरने पाणी उपसून तळ पाहिला. "करंगळी जाईल एवढ्या फटी आहेत, मास्तर. ही संपली. सोमवारी दुसरी बोट येतेय गोदीत. वाईट वाटतं, पण करवत आणावी लागेल."

करवत! मित्रांनो, मी पासष्ट वर्षांची होते आणि मला जगायचे होते.

मास्तर केझायाकडे धावत गेले. ती काठी टेकत आली, खाली उतरली आणि माझ्या तळाच्या फटीत तिने नख घातले.

"हिला वाळवलंत?"

"सात आठवडे. शेगडीसुद्धा लावत होतो."

"शेगडी! मास्तर, मासा पाण्यात ठेवा हेही मी सांगायला हवं होतं का?" आणि मग तिने फटीतले नख काढून घेतले. "हवं होतं. माझीच चूक."

"आता काय करायचं?"

"बुडवा तिला."

आयव्हर हसला. "म्हातारे, उन्हानं डोकं फिरलं का तुझं?"

"तू तुझे लोखंडी डबे ठोक, आयव्हर. मास्तर, पंप मारत हिला कशीबशी तरंगती ठेवायची, बाहेरच्या खोल पाण्यात न्यायची आणि सोडून द्यायची. पाणी पिऊन फळ्या फुगल्या तर वाचली."

"आणि नाही फुगल्या तर?"

"तर करवत आहेच."

मास्तरांनी माझ्या दारांकडे पाहिले. पाच आठवड्यांचे गुलाब. "रंग जाईल सगळा."

"जाईल."

मास्तरांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पंपाचा दांडा धरला.

बुडताना कसे वाटते म्हणून विचारता? आधी भीती वाटली. मग तळाला थंडगार पाणी लागले आणि सात आठवड्यांची तहान भागू लागली. काळोखात, गाळात बसून मी पाणी प्यायले. पण बाहेर कालव्याची पातळी रोज बोटभर उतरत होती आणि माझ्या वरच्या फळ्या पुन्हा उघड्या पडल्या. मास्तरांनी त्यांच्यावर गोणपाट टाकले आणि दोघे जण सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतू लागले.

"हळू, मास्तर! गाईला आंघोळ घालताय का?"

"मग कसं ओतू?"

"कडेनं. असं. अरे देवा, मुलांना नद्या शिकवल्यात आणि बादली धरता येत नाही!"

विसाव्या दिवशी त्यांनी माझ्यातले पाणी उपसले. दुपारी चार वाजता मी गाळातून सुटले आणि हळूहळू वर आले. दारांवरचे गुलाब फुगून सोलले होते. केझाया आत वाकली आणि तिने तळावर हात फिरवला. फटी मिटल्या होत्या. फक्त मागे, शेगडीखालच्या दोन फळ्या उभ्या तडकल्या होत्या. त्या भेगा कधीच मिटणार नव्हत्या.

"पाणी येतंय," मास्तर म्हणाले.

"येऊ द्या. रोज उपसा. तरंगेल, पण लांबच्या वाटेला नेऊ नका आता."

म्हणजे माझे प्रवास संपले. पण करवत टळली.

त्यानंतर मास्तर प्रत्येक गोष्ट विचारू लागले. दोर ओला ठेवू का? सुकाणूला तेल कुठले? "आता शिंकू कसं तेही विचारा!" असे केझाया म्हणायची आणि उत्तर द्यायची. नोव्हेंबरमध्ये ती झोपेतच गेली.

डिसेंबरात माझ्याभोवती बर्फ धरले. मास्तर काठावर उभे. फोडायचे की राहू द्यायचे? उत्तर मला ठाऊक होते. केझायाचा बाप पाण्याच्या रेषेला ओंडके बांधायचा, म्हणजे बर्फ त्यांना चावायचे, मला नाही. पण मी बोट, कोणाला कशी सांगणार? त्यांनी आयव्हरला विचारले. त्याच्या लोखंडाला बर्फाचे काय कौतुक! शेवटी मास्तरांनी अंदाजाने बर्फ फोडले, आणि एका धारदार तुकड्याने माझ्या कुशीत हातभर ओरखडा काढला.

मित्रांनो, मास्तरांवर रागावू नका. माझ्यावर त्यांच्याइतके प्रेम कोणी केले नाही. म्हणून तर सांगते, नुसत्या मायेने वस्तू जगत नाहीत. जुनी खुर्ची असो, विहीर असो की तंबोरा, तिला हात लावण्याआधी तिच्यासोबत आयुष्य काढलेल्या माणसाला गाठा. आणि तो जे आपणहून सांगेल तेवढ्यावर थांबू नका. त्याला विचारा, 'सांगायची गरजच नाही असे तुम्हाला काय वाटते?' तेच आधी ऐका.

मी अजून तरंगते आहे. दोन फळ्यांतून पाणी येतेच, आणि मास्तरांचेही गुडघे आता बोलू लागले आहेत. त्यांना काही विचारायचे असेल, तर लवकर या.