ओबुसेंगमामांची भाकड गाय

मी एक गाय बोलतेय. कलहारीच्या वाळवंटाच्या कडेला, काटेरी कुंपणाच्या आत उभी आहे. रंग काळापांढरा, म्हणून नाव फात्स्वाना. 'भाकड' हे आडनाव लोकांनी नंतर जोडलं.

माझे मालक ओबुसेंगमामा. गुरं किती, असं विचारलं की ते 'आहेत थोडीफार' म्हणतात आणि मिशीत हसतात. विकायचं म्हटलं की मात्र त्यांच्या जिवावर येतं. त्यांचे तीन म्हातारे बैल आहेत. ना नांगर ओढत, ना गाडी. दिवसभर माझ्या वाटणीचं गवत खातात आणि संध्याकाळी मामांच्या इभ्रतीत भर घालतात.

आमच्याकडे चाल आहे. ज्याची गुरं जास्त, तो नात्यातल्या गरजवंताला गाय सांभाळायला देतो. दूध सांभाळणाऱ्याचं, वासरं मालकाची. मामांनी मला भाची गोराताकडे दिलं. तिचा नवरा दूर खाणीवर. माझं दूध आंबवून ती मुलांच्या ज्वारीच्या लापशीवर ओतते.

सगळं छान, पण एक मेख आहे. मामांना वासरू हवं, गोराताला दूध. दूध हवं तर आधीचं वासरू जवळ हवं, कारण त्यानं ढुशी दिल्याशिवाय मला पान्हा फुटत नाही. त्यामुळे माझ्या लेकाला शिंगं फुटली, तरी तो रोज गुडघे टेकून पितो. त्याला लाज नाही आणि मला 'नाही' म्हणता येत नाही. माझ्या बरगड्या लांबून मोजता येतात. मग माज कुठून यायचा? कोरड्या दिवसांत आम्ही गायी रानातली हाडं चघळतो. माणसं त्याला वेडाचार म्हणतात. मातीत काहीतरी कमी आहे, ते आमच्या जिभेला कळतं.

लागोपाठचे पावसाळे गेले आणि मी गाभण राहिलेच नाही, तेव्हा मामा काठी टेकत आले.

"हिच्यावर कुणीतरी करणी केलीय," ते म्हणाले.

"करणी करायला आधी तुमचा हेवा वाटायला हवा, मामा," गोराता म्हणाली.

"तोंड आवर. अगदी आजीवर गेलीस."

"आणि तुम्ही कुणाचे? तिचेच ना?"

मामा हसले नाहीत. "हा पाऊस बघतो. रिकामी राहिली तर गवत पिवळं पडलं की हिला ट्रकवर चढवतो."

त्या ट्रकवर चढलेली गाय परत आलेली मी पाहिली नाही. गोरातानं हातातली चरवी खाली ठेवली. तिलाही ट्रक कुठे जातो ते ठाऊक होतं.

पुढं मासेगोबाई लस टोचायला आल्या. त्या सरकारी पशुवैद्य. गोरातानं त्यांना थांबवून घेतलं. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून मला तपासलं. माझी इतक्या खोलवर विचारपूस आजवर कुणीच केली नव्हती.

"हिला आजार नाही," त्या म्हणाल्या. "हिला सवड नाही. वासराचं पिणं तोड, दूध काढणं थांबव. हाडांची भुकटी आणि मीठ दे."

"आणि मुलांनी लापशी कशाशी खायची? पाण्याशी?"

"काही महिने, हो."

गोरातानं बाईंना हात पुसायला टॉवेल दिला. मग पदर झटकावा तसा टॉवेल झटकून ती मामांकडे गेली. मी चरत चरत मागे गेले. माझ्याबद्दलचंच बोलणं होतं.

"मामा, मी दूध सोडते. तुम्ही एक बैल सोडा. भुकटी त्या पैशातून येईल."

"कुठला बैल?"

"कुठलाही. तिघं एकच काम करतात, बसायचं."

"लोक काय म्हणतील? ओबुसेंग बैल विकायला लागला?"

"तुमच्या भाचीची मुलं पाण्याशी लापशी खातात, हे सांगू का लोकांना? मग बघा काय म्हणतात."

मामा दुष्काळ सोसतात, तरस सोसतात, नातेवाइकांची कुजबुज सोसत नाहीत. एक बैल गेला. 'आजारी होता बिचारा,' असं मामांनी गावभर सांगितलं. भुकटीची पोती आली.

माझ्या लेकाच्या नाकावर काटेरी मुसकी चढली. तो प्यायला आला, मला टोचलं, मी लाथ मारली. मग दोघंही हंबरत राहिलो. पण गोराताची धाकटी रोज सकाळी वाडगा घेऊन कुंपणाशी उभी राहायची. त्या नजरेला लाथ मारता येत नाही.

पाऊस आला. अंगावर मांस चढलं. मामांचा वळू, जो वर्षभर मला दगड समजून ओलांडत होता, तो अचानक माझ्याच बाजूला चरू लागला.

गवत पिवळं पडलं, तसा ट्रक आला. मामांनी बोलावलेलाच होता. मासेगोबाईंनी पुन्हा हात घातला. गोरातानं डोळे मिटले. मामा टोपी हातात घेऊन उभे.

"काका, ट्रक रिकामा पाठवू नका," बाई हात धूत म्हणाल्या.

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे ही..."

"ही गाभण आहे. दुसरा बैल चढवा."

मामांना हसावं की रडावं कळेना. गोराताला कळलं, ती माझ्या मानेत तोंड खुपसून रडली.

आता माझं पोट जड झालंय, आत कुणीतरी लाथा मारतंय. वाडगेवाल्या पोरी, थोडा धीर धर, दूध तुझंच आहे. फक्त वासराला शिंगं फुटेपर्यंत तू आणि ते पीत बसू नका. आणि वाचणाऱ्या माणसा, तुझ्या रानात एखादी रिकामी गाय असेल, तर तिला नावं ठेवण्याआधी तिच्या तोंडापुढे काय आहे आणि कासेखाली कोण आहे, एवढं वाकून बघ.