पडद्यावरचा याव

याव बेदियाकोनं प्रोजेक्टरची वायर गुंडाळली, कोटाच्या आतल्या खिशात कोंबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "अरेच्चा! वायरच नाहीये!"

चर्चच्या हॉलमध्ये नव्वद खुर्च्या मांडल्या होत्या. त्याही यावनंच मांडल्या होत्या. हँबर्गमध्ये येऊन राहिलेल्या बेक्वाई गावकऱ्यांच्या मंडळाचा तो सेक्रेटरी, त्यामुळे खुर्च्या, भात, पडदा, सगळं त्याच्याच गळ्यात. रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी नटूनथटून बसली होती. गावाकडचा सिनेमा, तोही खुद्द बेक्वाईत काढलेला! दोन म्हाताऱ्या तर पहिली रांग धरायला प्रार्थनेतूनच उठून आल्या होत्या.

"नाही म्हणजे?" अध्यक्ष न्यार्को म्हणाले. "सकाळी होती की."

"सकाळी होती. आता नाही. काय करणार? पुढच्या महिन्यात बघू."

"माझ्या गाडीत आहे एक," मागून कुणीतरी म्हणालं आणि याव नको नको म्हणेपर्यंत घेऊनही आलं.

मग यावनं भात गरम ठेवायची चारही भांडी आणि चहाची मोठी किटली एकाच बोर्डावर लावली. फट्ट आवाज झाला आणि दिवे गेले. याव मनातल्या मनात देवाचे आभार मानतोय तोवर हॉलचा रखवालदार पेटरसन कपाळाला बॅटरी बांधून हजर. या हॉलमध्ये कधीतरी फ्यूज उडेल म्हणून तो नऊ वर्षं वाट बघत असावा. दोन मिनिटांत लख्ख उजेड पडला. मंडळींनी पेटरसनसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. यावलाही वाजवाव्या लागल्या.

त्याला हे सगळं सुचलं होतं सकाळच्या एका फोनमुळे. धाकटी बहीण अफिया, बेक्वाईहून.

"दादा, आज तुमच्याकडे आपला सिनेमा दाखवणार म्हणे?"

"आपला म्हणजे?"

"आईच्या मयतीत काढलाय ना तो. सिनेमावाल्यांना मोठी मयत हवी होती, गर्दीसकट. आपल्याकडे गर्दी आयतीच. त्यांनी मांडव घातला, बँड आणला."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू विचारलंस कधी, मयत कशी झाली म्हणून?"

यावनं खरंच विचारलं नव्हतं. आणि त्याचं कारण असं, की हँबर्गमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, याव आईच्या मयतीला जाऊन आलाय.

हे खोटं तो स्वतःहून बोलला नव्हता. आई गेल्याची बातमी मंडळाच्या बैठकीत आली, तेव्हा तो तोंड उघडायच्या आधीच न्यार्कोंनी जाहीर करून टाकलं, "आपले सेक्रेटरी गावी जाणार! आपण सगळे विमानतळावर सोडायला जाऊ!" यावचे राहण्याचे कागद तेव्हा सरकारी कचेरीत अडकले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत घेतील याची खात्री नाही, असं पत्र होतं. पण अख्ख्या मंडळाचे फॉर्म भरून देणाऱ्या माणसानं आपलेच कागद अडलेत हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तो गप्प बसला. सगळ्यांना ते दुःख वाटलं.

फेब्रुवारीत मंडळी खरोखर विमानतळावर आली. याव तपासणीच्या रांगेत उभा राहिला आणि मागं वळून बघतो तर मंडळातली म्हातारी पोमामावशी अजून हात हलवतेय. ती काही हलेना. मग यावनं मागच्या माणसाला सांगितलं, "आधी तुम्ही जा." मग त्याच्या मागच्याला. असं बावीस जणांना त्यानं पुढं जाऊ दिलं. एका जपानी म्हाताऱ्यानं तर वाकून नमस्कार केला. शेवटी मावशीचे पाय दुखले, ती गेली, आणि याव रांगेतून बाहेर पडून रेल्वेनं ब्रेमेनला मित्राच्या तळघरात सोळा दिवस राहिला. येताना तिथल्याच दुकानातून मिरचीचा काळा ठेचा घेऊन आला. पोमामावशीनं झाकण उघडून डोळे मिटले. "गावच्या चुलीचा वास आहे रे याला," ती म्हणाली आणि रडली.

आणि आता तीच पोमामावशी पहिल्या रांगेत त्याच्या शेजारी बसली होती.

सिनेमा साधाच होता. डॅनियल नावाचा मुलगा लंडनला जातो, गोऱ्या बाईच्या नादाला लागतो, आईला विसरतो. आई खंगून मरते. मंडळी गोऱ्या बाईला मनसोक्त शिव्या देत होती. ती बाई गोरी नव्हतीच, तोंडाला पावडर फासलेली, गावाजवळच्या कुमासी शहरातली मुलगी होती, पण शिव्यांना त्यानं काही फरक पडत नव्हता.

मग मयत सुरू झाली.

दुखवट्याच्या लाल-काळ्या कापडांचा समुद्रच. मांडवाला सिनेमातल्या आईचा भलाथोरला फोटो. पण रिवाजाप्रमाणे बायकांच्या अंगावरच्या कापडावर छापलेला मेलेल्या बाईचा चेहरा मात्र वेगळाच. तो बदलायला सिनेमावाल्यांना पैसा पुरला नसावा.

"थांब, थांब," पोमामावशी पुढं वाकली. "अगं बाई! ही तर यावची आई!"

हॉलमध्ये एकच गलका झाला.

"सेक्रेटरी, तुझ्या घरची मयत आहे ही?"

"आणि एवढी मोठी गोष्ट होऊन आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीस!"

"म्हणजे याव सिनेमात आहे! शोधा, शोधा!"

मग सिनेमा कुणी बघेना, सगळे यावला शोधू लागले. पहिल्यांदा तो एका ढोलवाल्यात सापडला. मग कुणीतरी म्हणालं छे, यावचे कान एवढे मोठे नाहीत. नंतर तो पाठमोरा जेवताना सापडला.

"तोच तो! ताटाकडे असं वाकून फक्त यावच बसतो!"

"हो ना रे? तूच ना?"

"हो," याव म्हणाला. "बहुतेक."

"बहुतेक काय! आईच्या मयतीत पोटभर जेवलास, आता लाजतोस होय!"

सगळे हसले. यावनंही हसायचा प्रयत्न केला. त्याच्या पायाचा अंगठा बुटात आखडून दुखायला लागला होता.

कॅमेरा घरच्यांच्या रांगेवर आला. आलेला प्रत्येक माणूस त्या रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवत पुढं सरकत होता. काका, माम्या, अफिया. मधोमध मामा. आईचा थोरला भाऊ, घराण्याचा मुख्य. डोळ्यांत मोतीबिंदू पिकून दुधासारखा झालेला. आणि मामाच्या उजव्या हाताला थोरल्या मुलाची खुर्ची.

तिच्यात डॅनियल बसला होता. सोन्याचं घड्याळ, काळा चष्मा.

हॉलमधल्या माना यावकडे वळल्या.

"याव," न्यार्को हळूच म्हणाले, "ती तुझी जागा ना रे?"

"त्यांनी थोडा वेळ मागितली," याव म्हणाला. आपल्या तोंडून हे कसं आलं ते त्यालाच कळलं नाही. "सिनेमासाठी."

"आणि तू दिलीस?"

"दिली."

"बघा," न्यार्को मागं वळून सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन!" पोमामावशीनं यावचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्याला वाटलं, हात झटकावा. झटकता येईना.

पडद्यावर डॅनियलनं चष्मा काढला, खुर्चीतून खाली मामाच्या पायाशी कोसळला आणि हंबरडा फोडला. चांगलाच फोडला. हॉलमध्ये नाकं शिंकरली जाऊ लागली. मामाचा हात चाचपडत पुढं आला, डॅनियलच्या कपाळावरून, गालावरून फिरला.

"आलास का रे, याव?" मामा म्हणाला. "बरं केलंस. तुझी आई म्हणायची, येईल. मीच म्हणायचो, नाही यायचा."

हॉल खो खो हसला.

"म्हातारा वाक्य विसरला!"

"डॅनियलचा याव केला की हो!"

"अरे, घरच्यांच्या तोंडात याचंच नाव बसलेलं ना," पोमामावशीनं समजूत घातली.

पडद्यावरचा तो नट एक क्षण गडबडला. मग म्हणाला, "हो मामा. आलो." मामाच्या मागं अफिया उभी होती. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले.

याव एकटाच हसला नव्हता.

मामानं तेव्हा हट्ट धरला होता. थोरला येईपर्यंत माझ्या बहिणीला शवागारातून हलवू देणार नाही. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, जानेवारी गेला. आई तिथं बर्फात, आणि अफिया फोनवर रडायची, "दादा, मामा ऐकत नाही." मग एक दिवस मामा एकदम तयार झाला. यावला वाटलं होतं, म्हातारा विरघळला. मयतीनंतर मामा फोनवर म्हणायचा, "छान केलंस हो पोरा, शोभलास." मामाची जीभ गावात प्रसिद्ध. यावनं ते टोमणे समजून गिळले होते, आणि नंतर नंतर मामाचा फोन घ्यायचंच बंद केलं होतं.

यावला आत्ता कळलं, मामाला अफियानं सांगितलं होतं, याव आलाय म्हणून.

शेवटाला डॅनियल गोऱ्या बाईला सोडून गावात शाळा काढतो. टाळ्या, शिट्ट्या झाल्या. न्यार्कोंनी भाताचं पहिलं ताट यावच्या हातात ठेवलं, वर मासळीचा मोठा तुकडा. "आज पहिला मान तुझा!" यावनं ताट खुर्चीवर ठेवलं, फोन आल्यासारखा खिशात हात घातला. हाताला वायर लागली. दुसऱ्या खिशातून फोन काढून तो बाहेर आला.

बाहेर जूनचं ऊन होतं. सायकली लावायच्या दांड्याला टेकून तो उभा राहिला. त्याचे कागद एप्रिलमध्येच आले होते, पाच वर्षांचा शिक्का मारून. दोन महिने ते टेबलाच्या खणात होते. तिकीट काढायचं त्याला सुचलं नव्हतं, किंवा सुचून त्यानं खण लावून टाकला होता.

त्यानं मामाला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोण?"

"मामा, मी याव."

"बोल." मागं कोंबड्या ओरडत होत्या. "बऱ्याच दिवसांनी."

"मामा, आईच्या मयतीचं सांगायचं होतं. मी..." पुढचं वाक्य त्यानं बाहेर येता येता नीट जुळवलं होतं. ते आलंच नाही. आला तो भलताच प्रश्न. "मामा, मी त्या दिवशी नीट रडलो का?"

मामानं आधी कोंबड्यांना हाकललं.

"रडलास की. चांगला रडलास. मग कुणीतरी काहीतरी ओरडलं. तू गप्प झालास, नाक शिंकरलंस, उठून गेलास. थोड्या वेळानं आलास आणि पुन्हा पहिल्यापासून रडलास. तसाच. हुंदकासुद्धा त्याच जागी. असा तीनदा रडलास. एवढं आईसाठी रडलेलं मी नव्वद वर्षांत कुणाला बघितलं नाही."

याव दांडा धरून उभा होता. आतून पोमामावशीचा आवाज येत होता, "सेक्रेटरी कुठं गेला? भात गार होतोय त्याचा!"

"चौथ्यांदा तुला पाठवायला लागले," मामा म्हणाला, "तेव्हा मीच म्हटलं, पुरे. पोराला दमवू नका. बिचाऱ्याला पाणी द्या, जेवायला वाढा, आणि माझ्या बहिणीला आता जाऊ द्या."

"मामा..."

"ऐक. ते झालं ते झालं. चांगलं झालं." मामा खोकला, पलीकडे थुंकला, पुन्हा फोनवर आला.

"आता तू ये."