सूचक, सलिमा नदाफ

सभेची नोटीस सलिमाच्या नावाने आली, तेव्हा तिला जाऊन एकवीस दिवस झाले होते. नगरपंचायतीचा शिपाई धुळा दुकानाच्या पायरीशी उभा राहिला आणि त्याने नेहमीसारखी पोचवही पुढे केली. वजीर नदाफने नेहमीसारखी सही केली. सलिमा व. नदाफ. धुळा वही काखेत मारून चार पावलं गेला, थांबला, आणि मागे न बघता पुढे निघून गेला. मग वजीरच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते.

पाकिटावर ‘सौ. सलिमा वजीर नदाफ यांस’ असं होतं. आत लिहिलं होतं की मासिक सर्वसाधारण सभेस आपण वेळेवर उपस्थित राहावे. सुरुवातीलाच दुखवट्याचा ठराव होता, आणि त्यातही तिचंच नाव होतं. वजीरला हसू आलं. ही नोटीस सलिमाला दाखवावी असं क्षणभर मनात आलं आणि त्याने आतल्या दाराकडे पाहिलंही.

दुकान गादीचं. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, पुढे शिवायची जागा. यंत्र बंद केल्यावरही कापूस बराच वेळ हवेत राहायचा. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून आत आलं की त्या पांढऱ्या हवेत समोर कुणीतरी खाली मान घालून टाका घालतंय असं वाटायचं. वजीर मग हलायचा नाही. आपण हललो की कापूस हलतो.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा लोक वजीरकडे आले होते, सलिमाकडे नव्हे. त्यानेच हो म्हटलं, त्यानेच अर्ज भरला, ती निवडून आली. सभेच्या दिवशी सकाळी धुळा हजेरीची वही घेऊन दुकानात यायचा. खरं म्हणजे वही सभागृहात ठेवायची असते, पण ज्या घरात बाई सदस्य त्या घरात वही आधी फिरवून आणायची, अशी तिथली रीत पडली होती. वजीर सही करायचा. मग दुपारी सलिमा बुरखा घालून सभेला जायची, अकराव्या खुर्चीवर बसायची, सगळं ऐकायची आणि परत यायची. अशा बत्तीस सभा झाल्या. तिला सही येत नव्हती असं नाही. ती सांगलीत उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. वजीरनेच कधी विचारलं नव्हतं.

नोटिशीला मागच्या सभेचं इतिवृत्त जोडलेलं होतं. वजीर मराठी शाळेतला. त्याने बोट ठेवून वाचायला घेतलं. उपस्थित सदस्य सोळा. गैरहजर सदस्य एक, सौ. सलिमा वजीर नदाफ. आणि खाली नवव्या विषयाला, पाणीपुरवठ्याच्या वेळेबाबत: ‘सूचक सभेस हजर नसल्याने विषय दप्तरी दाखल करण्यात आला.’

म्हणजे विषय बंद. त्याने ते तीनदा वाचलं.

त्या सभेच्या दिवशी तो सांगलीला गेला होता. कापूस बघायचा होता आणि विश्रामबागेत राहणाऱ्या लेकीला, शाझियाला, भेटायचं होतं. दुकान बंद होतं म्हणून वही घरी आली नव्हती. तो परतला तेव्हा सलिमा चुलीपाशी बसून आपल्या आपणच हसत होती. म्हणाली, “आज मैंच सही करी.” आणि मग, आपण सभेत बोलल्याचंही सांगितलं. पाणी पहाटे चारला सोडतात ते सहाला सोडा, असं म्हणाली म्हणे. तो दमला होता. अच्छा, म्हणाला आणि हात धुवायला गेला. त्याला आता सगळ्यात जास्त छळायचं ते हे. तिने अजून काय सांगितलं असतं, ते त्याने ऐकून घेतलंच नव्हतं.

आठ दिवसांनी पहाटे नळ फुसफुसला तेव्हा ती उठली नाही. रोज तीच आधी उठायची. आज झोपू दे, असं म्हणून वजीरने आवाज न करता सगळी भांडी भरली, पिंप भरलं, पायाशी आलेलं पाणीही पुसून घेतलं. मग चहा ठेवून तिला हाक मारायला गेला. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीचच्या सुमारास झोपेतच झालं असावं. म्हणजे तो दबक्या पावलांनी भांडी भरत होता तेव्हा ती नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तो नगरपंचायतीत गेला. जोतिबा हे सभा लिपिक. काटेकोर माणूस, टेबलावरची टाचणीही तिच्या जागेवर. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग सांगितलं की भाभी सभेत होत्या हे त्यांनाही आठवतंय, बोलल्या तेही त्यांनी ऐकलंय. पण वहीत सही नाही.

“सही नाही तर माणूस हजर नाही, चाचा. मी ऐकलेलं लिहायचं कुठं?”

त्यांनी वही उघडून दाखवली. अकराव्या ओळीत निळ्या पेनाने काहीतरी गिरवलेलं होतं. कुणीतरी पेन चालतंय का बघितलंय, असं जोतिबा म्हणाले. आधीचं पान उलटून त्यांनी बोट ठेवलं. ही भाभींची सही. त्याच्या आधीच्या पानावर हीच. बत्तीस ठिकाणी एकसारखी, ठसठशीत.

वजीर स्वतःच्या अक्षराकडे बघत राहिला. मग पुन्हा त्या गिरवलेल्याकडे. उजवीकडून तीन दाते, मग एक उभी काठी, खाली दोन ठिपके, शेवटी वळसा घेऊन गाठ. त्याला ते वाचता येत नव्हतं. पण पंचवीस वर्षं तो ते रोज बघत आला होता. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात, खालच्या बाजूने, सलिमा निळ्या दोऱ्याने बोटाच्या पेराएवढं हेच शिवायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. एकदा त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, माझं नाव आहे. नाव दुकानाचं घालावं, असं तो म्हणाला होता. ती नुसती हसली होती आणि पुढच्या गादीलाही तेच शिवलं होतं.

जोतिबांना त्याने तेव्हा काही सांगितलं नाही. सांगायचं तर बत्तीस सह्यांचं काय ते आधी सांगावं लागणार होतं.

ते चार-पाच दिवस कसे गेले ते त्याला कळलं नाही. यंत्र चालू करायचं, बंद करायचं, हवेतल्या कापसाकडे बघत बसायचं. त्या पांढऱ्या धुक्यात त्याला सभागृह दिसायचं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या, अकराव्या खुर्चीवर सलिमा, पुढ्यात वही. ती पेन उचलायची आणि त्याच्याकडे बघायची. तो म्हणायचा, कर. पण तोंडातून आवाज यायचा नाही, कापूस यायचा.

मानसिंग एकदा येऊन बसला. हा शेजारच्या वॉर्डाचा सदस्य, बोलायला फटकळ पण मनाने साफ. त्याच्या कानावर गेलं होतं.

“आवं चाचा, येवढ्यासाठी जीव कशाला जाळताय? मी मांडतो इषय. सूचक मानसिंग. पाणी सहाला येतंय, बायका खूश. भाभींचं काम झालं म्हणायचं.”

“काम व्हईल,” वजीर म्हणाला. “पण ती गैरहजरच ऱ्हाईल की.”

उठताना मानसिंग एवढंच म्हणाला की, बघा, दुखवट्याच्या सभेत नसतं काढू नका. तुमच्यावरच शेकेल.

सभेच्या दिवशी वजीर इस्त्रीचा शर्ट घालून गेला. दुखवट्याला घरच्या माणसाला बोलावतात, म्हणून त्याला भिंतीकडेला खुर्ची दिली होती. अकराव्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. तिथे फुलं ठेवली होती. नगराध्यक्षा क्रांती, पस्तिशीची बाई, चार वाक्यं साधी बोलली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. खिडकीबाहेर पाण्याचा टँकर मागे घेताना पीं-पीं वाजत होता. वजीरला वाटलं, ही दोन मिनिटं संपूच नयेत. सगळे असेच उभे राहावेत, तोवर पुढचा विषय येणार नाही.

मग खुर्च्या सरकल्या आणि जोतिबांनी मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यास घेतलं. कायम. हा शब्द वजीरने कितीतरी वेळा ऐकला होता, पण त्या दिवशी त्याचा अर्थ होता, आता हे बदलणार नाही. उपस्थित सोळा, गैरहजर एक. नववा विषय आला. मानसिंग हात वर करायच्या बेतात होता. वजीर उभा राहिला.

बाहेरच्या माणसाला सभेत बोलता येत नाही, असं जोतिबांनी हळूच सांगितलं. क्रांतीने वजीरकडे पाहिलं आणि बोलू द्या म्हणाली.

“वहीत अकराव्या ओळीला हाय ती माझ्या बायकोची सही हाय,” वजीर म्हणाला. “उर्दूत हाय.”

जोतिबांनी वही उघडली, मागची पानं चाळली, आणि भाभींची सही अशी नसते हे पुन्हा सांगितलं. बत्तीस सह्या मराठीत आहेत.

“त्या माझ्या हाईत.”

वजीरने खाली बघत सांगितलं. वही दुकानात यायची, तो सही करायचा. तिला कधी विचारलं नाही. बत्तीस वेळा ती इथे आली ती त्याच्या सहीने आली. एकदाच स्वतःच्या सहीने आली, तर तिला गैरहजर लिहिलं. चूक जोतिबांची नाही, त्याची आहे. बत्तीस खोट्या सह्या बघितल्या की खरी सही रेघोटीच वाटणार.

“म्हंजी तीन वर्सं आमच्यात चाचाच नगरसेविका होते की,” मागून कुणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले. वही आणखी कुठल्या कुठल्या घरांत फिरते हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हसू लगेच विरलं.

जोतिबा मात्र अडून बसले. चाचांच्या सांगण्यावर कसं लिहायचं? ती सही भाभींचीच, याला काही आधार हवा. त्यांचा आवाज कडक नव्हता. त्यांना खरोखरच आधार हवा होता.

वजीरने त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाला, “भाऊसाहेब, तुमी बसलाय ती गादी उलटी करा.”

सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्याच्या दुकानातून आल्या होत्या, सलिमा निवडून यायच्या कितीतरी आधी. जोतिबा उठले. गादी उचलून त्यांनी उलटी केली, चष्मा वर केला आणि कोपरा डोळ्यांजवळ नेला. मग ती गादी त्यांनी वहीच्या शेजारी टेबलावर ठेवली. तीन दाते, काठी, दोन ठिपके, गाठ. एक निळ्या दोऱ्यात, एक निळ्या शाईत.

मानसिंग उठला आणि त्याने आपली गादी उलटी केली. क्रांतीने तिची. एकेक करून सगळे उठले. सतरा माणसं हातात गाद्या घेऊन उभी राहिली, मघा दुखवट्याला राहिली होती त्यापेक्षा जास्त गप्प. अकराव्या खुर्चीवरची फुलं बाजूला घेऊन धुळाने तीही गादी उलटून पाहिली.

“माझ्या घरात सात गाद्या हाईत चाचांच्या,” मानसिंग म्हणाला. “आमी रोज भाभींच्या नावावरच झोपतोय म्हणायचं.”

जोतिबांनी खुर्चीत बसण्याआधीच पेन उचललं. सोळाचे सतरा केले. गैरहजर, निरंक. मग नवव्या विषयाशी येऊन थांबले. भाभी त्या दिवशी नेमकं काय बोलल्या ते त्यांच्या टाचणवहीत होतं. ऐकलेलं ते टिपून ठेवत, फक्त इतिवृत्तात घेत नसत. वाचून दाखवू का, असं त्यांनी वजीरला विचारलं. त्याने मान हलवली.

जोतिबांनी वाचलं. “आमच्या घरी गाद्या होतात. चांगला कापूस भरतो. पण गावातली एकही बाई त्यावर पुरती झोपत नाही. चारला पाणी येतं म्हणून तीनलाच जाग येते. सपान अर्ध्यातच राहतं. रोज अर्धंच. पुढं काय झालं ते कधी कळत नाही. म्हणून पाणी सहाला सोडावं.”

सूचक, सौ. सलिमा वजीर नदाफ. अनुमोदक, मानसिंग. ठराव सर्वानुमते मंजूर. इतिवृत्त दुरुस्तीसह कायम. बत्तीस सह्यांबद्दल लेखी खुलासा द्यावा लागेल, असं क्रांतीने वजीरला बाजूला घेऊन सांगितलं, आणि वही यापुढे सभागृहाबाहेर जाणार नाही, हे तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. देतो म्हणाला तो. त्याला काही वाटलं नाही.

आठवड्याने धुळा इतिवृत्ताची नक्कल घेऊन आला. या वेळी पाकिटावर वजीर नदाफ असं होतं. पोचवहीत सही करताना वजीरचा हात आपोआप ‘स’कडे वळला. त्याने तो थांबवला. स्वतःची सही कशी होती ते आठवायला त्याला थोडा वेळ लागला.

सोमवारी पहाटे चारला त्याला सवयीने जाग आली. नळ गप्प होता. गल्लीत एकही बादली वाजली नाही. अंथरुणात पडून त्याने कान दिला, तर जिकडेतिकडे झोपेचा एक मंद आवाज होता, कापसातून वारा जावा तसा. सगळ्या घरांतून बायका झोपल्या होत्या. त्याने डोळे मिटले. सलिमा चुलीपाशी बसली होती, हसत होती. आज मैंच सही करी, म्हणाली. तो हात धुवायला उठला नाही. तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, मग? पुढं काय झालं?

ती सांगत होती. बराच वेळ सांगत होती. मग सहा वाजले आणि पाणी आलं.