पितळेची कडी

आश्विनातलं ऊन. पिवळंधमक, हळदीनं न्हालेलं, उद्यमनगरातल्या पत्र्यापत्र्यांवर सांडलेलं. लेथ निःशब्द, घण निःशब्द. खंडेनवमीच्या त्या सकाळी लोखंडसुद्धा आंघोळ करून, झेंडू माळून बसलेलं.

आणि वर्कशॉपच्या दारात ती. नीलवर्णा, दीर्घांगी, आठ सिलिंडरांची, सातासमुद्रापलीकडून आलेली मोटार. तिच्या अंगावर आभाळ उतरलेलं, तिच्या क्रोमच्या ओठांत अख्खी गल्ली वाकडी झालेली.

कित्येक पावसाळे विक्रांत तिच्या पोटाखाली निजला. नटन्‌नट, रबरन्‌रबर, कारखान्यातून निघाली तेव्हा होती तश्शी केली. आज चार वाजता जुन्या गाड्यांची स्पर्धा; परीक्षक भिंग लावून बघणार. आणि पुढच्या सीटवर बसणार त्याची आई, हौसाबाई.

ती आली. जांभळं इरकल, ठसठशीत कुंकू. खुब्यातून जन्माचा अधू पाय, आणि त्या पायावर तोललेला जन्माचा ताठा. दार उघडलं. सवयीचा हात सवयीच्या जागी, चौकटीवर गेला.

तिथं काही नव्हतं.

गुळगुळीत, निर्दय निळाई. भोकं बुजवलेली, वर रंग चढवलेला. हात अधांतरी राहिला, फांदी तुटलेल्या पाखरासारखा.

पितळेची कडी होती तिथं. गणपतरावांनी, तिच्या नवऱ्यानं, स्वतः लेथवर कातलेली, तिच्या मुठीच्या मापाची.

"हात दे, आई," विक्रांत म्हणाला. "ती कडी कंपनीची नव्हती. मार्क कापतात."

हौसाबाईच्या डोळ्यांत भट्टी पेटली. शांत, पांढरी, लोखंड वितळवणारी भट्टी.

"मला कुणी हात दे म्हणू नये, म्हणून बसवली होती ती तुझ्या बापानं. कुठाय?"

विक्रांतनं भंगाराच्या पिंपाकडं बघितलं. 

ती लंगडत गेली. मळक्या लोखंडातून, गंजक्या पत्र्यांतून तिनं कडी उपसली, नव्याकोऱ्या इरकलाच्या पदरानं पुसली, आणि पूजेच्या पाटावर मांडली. गणपतरावांच्या हातोड्याशेजारी, ड्रिल मशीन आणि पान्यांशेजारी, आणि विक्रांतनं पहाटे हौसेनं ठेवलेल्या गाडीच्या किल्लीशेजारी.

चिमटीतून हळद उडाली. कुंकू उडालं. झेंडू पडला.

"आई, थांब, किल्ली..."

पण पडलं होतं कुंकू. आणि या घरात, पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचललेलं नव्हतं. गणपतरावांनी नाही, त्यांच्या बापानंही नाही.

"आता ती देवाची," हौसाबाई म्हणाली. "गाडी न्यायची तर ढकलत ने. कंपनीवाल्यांना बोलाव धक्का द्यायला."

"आणि गाडीची पूजा?"

"तिला तिच्या कारखान्यात ओवाळत असतील. आमच्यात आमच्या माणसाच्या हातचं पूजतात."

विक्रांत खाली बसला. मग हळूच म्हणाला, "आत्ता बसवतो परत. लगेच."

"कशानं?"

ड्रिलवर कुंकू होतं. पान्यावर कुंकू होतं.

"उद्या बसव. आणि बसवल्याशिवाय मला हाक मारू नको."

चार वाजले, टळले. ऊन पत्र्यांवरून उतरलं, भिंतींवरून उतरलं, निळ्या बॉनेटवरून निमूट निसटलं. दारात ती अनिंद्य, निष्कलंक, कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखी कोरी. उभी, नुसती उभी. आणि आत समईच्या उजेडात पितळेची कडी, मधोमध झिजलेली, एका मुठीच्या मापानं झिजलेली, जळत होती, जळत होती, सोन्यासारखी.