आधारवरचा नंबर

सकाळची भांडी आवरून तेजस्वीने पिशवीत ब्लाऊजचं कापड ठेवलं आणि सासूला म्हणाली, “शिवणाला जाते, आई.”

“जा, पन दुपारच्या आत ये,” धोंडूबाई म्हणाल्या.

शिवण नव्हतंच. तीन महिने तेजस्वी नंदाखाल गावातल्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर शिकत होती. वसईच्या एका कारखानदाराने मंडळाला कॉम्प्युटर दिले होते आणि पास होणाऱ्या बायकांना बिलिंगचं काम द्यायचं कबूल केलं होतं. घरी सांगायची तिची छाती नव्हती. सुनेने नोकरी करायची नाही, हा घरचा रिवाज. नवरा कल्पेश हात उगारणारा नव्हता. पण अशा भल्या माणसांपुढे बाईला तोंड उघडणं जास्तच जड जातं.

आज परीक्षा होती. लॉगिनसाठी तेजस्वीने आधार क्रमांक टाकला आणि ओटीपी गेला तो कल्पेशच्या मोबाईलवर. त्या घरात गॅस, बँक, आधार, बायकांचं सगळं पुरुषाच्या नंबरावर. सुनेला वेगळा फोन कशाला?

“दहाच मिनिटं आहेत. विचार त्यांना,” शिकवणाऱ्या रीमाने स्वतःचा फोन पुढे केला.

“अहो, मी बोलतेय. मेसेजवर नंबर आलाय, तेवढा सांगा ना.”

“शिवणाला ओटीपी कधीपासून लागतो?”

तिने खरं ते सांगून टाकलं.

“तिथेच थांब. येतोय मी.” फोन बंद झाला, दहा मिनिटंही गेली.

“पुढची परीक्षा महिन्याने आहे,” रीमा हळूच म्हणाली. “पण नंबर तुझा हवा.”

घरी पळावं, सासूचे पाय धरावेत, असं तेजस्वीला वाटलं. तरी ती एकटीच बाजारात गेली, एक साधा फोन आणि स्वतःच्या नावाने सिम घेतलं आणि आधार केंद्राच्या रांगेत उभी राहिली.

नंबर बदलायचा फॉर्म भरताना बाहेर मोटारसायकल थांबली. रीमाकडून पत्ता काढत कल्पेश आला होता.

“चल घरी. लोक बघतायत.”

“येते. एवढं लिहून.”

“कुणाचा नंबर लिहितेस?”

“माझा.”

आवाज इतका बारीक, की खिडकीतल्या माणसाने पुन्हा विचारलं, “मॅडम, नंबर कुणाचा?”

तेजस्वीने कल्पेशकडे पाहिलं.

“माझा!” ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली.

घरी पुढे काय झालं, ते मला विचारू नका. तुमच्या घरातल्या बाईच्या आधारवर कुणाचा नंबर आहे, तेवढं आज तिला विचारा.