कामाच्या ठिकाणाचा रकाना

घर तपासायला समिती अकराला येणार होती आणि पावणेअकराला उलादाला खालच्या अंगणातून आपल्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत काय दिसावं? पांढरी चादर, लाल अभ्रा, पांढरी चादर. ताणून, चिमटे लावून, निम्म्या मिन्स्कला दिसतील असे.

दुधाची पिशवी छातीशी धरून ती धापा टाकत वर आली.

"आई! हे काय करून ठेवलंस?"

यादविगा कालच गावाहून काकडीच्या लोणच्याच्या चार बरण्या घेऊन आली होती. "काय म्हणजे? माणसं घर बघायला येणार. मळकी अंथरुणं दाखवणार होतीस?"

"रंग बघितलेस? बंदी असलेल्या झेंड्याचे आहेत, त्याच क्रमाने! पलीकडच्या इमारतीतल्या म्हाताऱ्याला नुसत्या पडद्यांपायी पंधरा दिवस आत ठेवलं."

"मग त्याने पडदे जरा बघून घ्यायचे!"

उलादाने कपाळावर हात मारला. अकरा वर्षं तिने संसदेच्या बातम्या दिल्या होत्या. मंत्र्यांना नको ते प्रश्न विचारले होते. वर्तमानपत्र बंद पडलं, ती दोनदा पंधरा-पंधरा दिवस आत जाऊन आली. तेव्हाही आईला समजावण्याइतका ताप कशाचाच झाला नव्हता. आता ती मैत्रिणीच्या नावाने एका मासिकात रोपवाटिकांवर लिहायची. पण दुसऱ्या अटकेनंतर बालवाडीने तिची नोंद केली होती. आज समितीने 'घर धोक्याचं' असा शेरा मारला, तर चार वर्षांची यूस्त्या यादीत जाणार. आणि यादीतली मुलं पुढे आईकडून काढून अनाथाश्रमात नेतात, हे उलादाने स्वतःच एकदा लिहिलं होतं. यूस्त्याचा बाप केव्हाच वेगळा झाला होता. लेकीला दुसरं कुणी नव्हतं.

तिने ओला अभ्रा खेचून न्हाणीत टाकला, तोच बेल वाजली.

बालवाडीच्या ताइसा पेत्रोव्हना दारातच ओशाळं हसल्या. त्यांच्यासोबत मुलांच्या विभागाची पोलीस निरीक्षक होती: गणवेश, काखेत फाईल, चेहऱ्यावर कंटाळा. दोघींनी बूट काढले. मग निरीक्षकबाईंनी फ्रिज उघडला, दही हुंगलं, खिडक्यांच्या कड्या ओढून पाहिल्या, यूस्त्याची गादी दाबून पाहिली.

"बाळ, आई रागावते का गं?"

"फोनवर रागावते," यूस्त्या म्हणाली. "सकाळी त्यातलं सगळं पुसून टाकते. मग आम्ही बालवाडीत जातो."

उलादाने टेबलावरचा फोन उचलून खिशात घातला. निरीक्षकबाईंनी मात्र मान वर केली नाही. "सगळेच पुसतात," त्या पुटपुटल्या आणि बाल्कनीत गेल्या.

पांढरी चादर, लाल अभ्रा, पांढरी चादर. दार उघडायला उलादा गेली तेवढ्यात यादविगाने अभ्रा पुन्हा जागच्या जागी टांगला होता.

"आजी, हे कोणी वाळत घातलं?"

"मी. ओला कपडा न्हाणीत कुबट होतो. इतकी शिकलेली पोर, पण एवढं कळत नाही तिला! का, कपडे वाळत घालायलाही आता तुमचा शिक्का लागतो?"

ताइसा पेत्रोव्हनांनी डोळे मिटून घेतले. निरीक्षकबाईंनी कपड्यांकडे पाहिलं, यादविगाच्या कोपरापर्यंत खोचलेल्या बाह्यांकडे पाहिलं आणि लांब उसासा टाकला.

"काढा ते. मी काही पाहिलं नाही. मला आज आठ घरं उरकायचीत."

त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि अर्ज भरू लागल्या. बिछाना आहे. अन्न आहे. खिडक्या ठीक. मग पेन थांबलं.

"आईचं कामाचं ठिकाण?"

मैत्रिणीचं नाव घेतलं, तर तीही आत जाणार.

"बाई, हा रकाना रिकामा ठेवला तर मुलीला यादीत घालावंच लागेल. माझ्या हातात नाही. शिक्का असलेलं काहीतरी सांगा, सोमवारी कागद आणून द्या."

"वासरं," यादविगा म्हणाली.

"काय?"

"आमच्या गावच्या गोठ्यावर वासरं सांभाळायला माणूस हवंय. मुकादम माझ्या मावसबहिणीचा जावई. शिक्का देतो की!"

"आई, तू जरा..."

"तू गप्प बस. अकरा वर्षं बोललीस तेवढं पुरे झालं."

निरीक्षकबाईंनी उलादाकडे पाहिलं. "पत्रकारितेची पदवी आणि वासरं?"

उलादाने यूस्त्याकडे पाहिलं. ती खुर्चीखाली बसून ताइसा पेत्रोव्हनांच्या मोज्यावरची फुलं मोजत होती.

"लिहा," उलादा म्हणाली. "वासरं."

सही झाली. पाहुण्यांनी बूट घातले. सुटलो, असं यादविगाच्या तोंडावर यायला आणि उलादाची जीभ सुटायला एकच गाठ पडली.

"दिवसाला आठ घरं? कधीपासून?"

"सप्टेंबरपासून," निरीक्षकबाई सहज बोलून गेल्या. मग त्यांचा हात दाराच्या कडीवर थबकला. "हे कोण विचारतंय? गोठ्यावरची बाई?"

मागून यादविगाने उलादाच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"यूस्त्याची आई," उलादा म्हणाली.

निरीक्षकबाई फाईल काखेत घट्ट दाबून जिना उतरल्या. ताइसा पेत्रोव्हना मागे वळून न बघता त्यांच्या पाठोपाठ गेल्या.

"तुझी जीभ एक दिवस पोरीला घेऊन जाणार आहे!" दार लागताच यादविगा कडाडली. "काय गरज होती? सांग, काय गरज होती?"

उलादाने कपाट उघडून यूस्त्याचे लोकरी पायमोजे, स्वेटर, टोपी पिशवीत भरायला घेतली. गावची बस दोनला होती.

"आणि गोठ्यात गेल्यावर कुणाला काही विचारायचं नाही," आई म्हणाली. "वासरांनासुद्धा नाही."

"बरं," उलादा म्हणाली. आणि गावात सप्टेंबरपासून किती घरं अशी तपासून झाली असतील, हा हिशेब तिच्या डोक्यात सुरूही झाला होता.