चपलांजवळचा दिवा

मेव्हण्यानं भिंतीवरची तारांची पट्टी उचकटली, तसा काजळीचा एक पापुद्रा अलगद तरंगत सुतारकाकांच्या टकलावर येऊन बसला. काका खाली स्टूल धरून उभे होते. एरवी टकलावर पाण्याचा थेंब पडला तरी त्याची गोष्ट व्हायची. आज त्यांनी मुकाट्यानं हात फिरवला आणि काळं आणखी पसरवलं.

“दाजी, स्टूल हलतंय.”

“धरलंय की.”

“धरलंय म्हणूनच हलतंय. सोडा, पडलो तर एकटाच पडेन.”

काकांनी हात काढून घेतले. ते कुठं ठेवावेत हे त्यांना समजेना. त्यांचं कामाचं टेबल निम्मं जळालं होतं, फळ्यांचा कोळसा झाला होता, आणि घरामागच्या त्या खोलीभर लाकूड चिकटवायच्या सरसाचा करपट वास असा ठाण मांडून बसला होता की जणू भाडं भरून राहिलाय.

मेव्हणा वायरमन होता. या खोलीतली तार न् तार त्यानंच ओढली होती. आता तीच तो सोलून, उजेडाकडे धरून पाहत होता.

“जॉइंट तर पक्का दिसतोय,” तो म्हणाला. “हाही पक्का. पण कुठंतरी माझाच हात चुकला असणार.”

तेवढ्यात त्याची बहीण, म्हणजे काकांची बायको, चहा घेऊन दारात आली.

“सापडलं का? का आता स्वयंपाकघर पेटल्यावर सापडायचंय?”

“ताई, शोधतोय.”

“आख्खी गल्ली विचारतेय मला, भावानंच वायरिंग केलं होतं ना म्हणून. तोंड कुठं लपवू?”

काकांनी घसा खाकरला. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

“चहात साखर कमी आहे,” काका म्हणाले. त्यांनी अजून कप हातातही घेतला नव्हता.

झालं होतं ते एवढंच. काकांनी सरस वितळवायला विजेच्या शेगडीवर ठेवला, आणि तो पातळ होईपर्यंत कोपऱ्यावरच्या बाकावर कोण आहे बघून येऊ म्हणून बाहेर पडले. बाकावर माणसं होती, आणि माणसं दिसली की काकांना गोष्ट सुचायची. त्यांनी घडवलेला भोवरा एका लग्नात सोडला, तो त्या जोडप्याचं पोर चालायला लागलं तरी फिरतच होता, शेवटी पोरानंच त्याला दमलास का म्हणून विचारलं, इथवर गोष्ट आली आणि घरामागून धूर दिसला. काका धावले. मेन स्विच पाडला, पाण्याच्या बादल्या ओतल्या. सगळं विझल्यावर, बायको बाजारातून यायच्या आत, त्यांचं बोट भिंतीवरच्या बोर्डाकडे गेलं आणि शेगडीचं बटण त्यांनी बंद केलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आठवणीनं बंद केलं, तेही आग विझल्यावर.

मग लोक जमले. लोक जमल्यावर काय व्हायचं? काकांनी गोष्ट सुरू केली. तारेचा एक जॉइंट ढिला होता म्हणे. त्यातून बोटभर निळी ठिणगी निघाली, भिंतीवरून चालत खिडकीपाशी आली, बाहेर कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि तिनं सरसाच्या भांड्यात उडी घेतली. लोक पोट धरून हसले. ठिणगी त्यांनी सोडून दिली. ढिला जॉइंट तेवढा घरी नेला. आयुष्यभर काकांची एक थाप कुणी खरी मानली नव्हती. मानायला नेमकी हीच सापडली.

“शिवणवाल्या बाईंनी नको म्हणून सांगितलं,” मेव्हणा स्टुलावरूनच म्हणाला, तारेकडे बघत. “नवं दुकान घेतलंय ना त्यांनी. सगळं वायरिंग मी करणार होतो. म्हणाल्या, कापडाचं काम आहे, जीव धजत नाही. त्यांचंही बरोबरच आहे.”

त्यानं वाकून शेगडीचा बोर्ड भिंतीवरून सोडवला आणि उजेडात धरला. काकांना तो तिथूनही दिसला. सगळा बोर्ड काळा ठिक्कर, फक्त त्या बटणाच्या खालच्या कडेला नखाएवढी पांढरी जागा. बटण दाबलेलं असताना ती कड आत लपलेली असते. धूर बसला तेव्हा ती आतच होती, आणि नंतर कुणीतरी बटण बंद करून ती बाहेर काढली होती. पांढरं एवढंसं, पण काकांना ते बसस्टॉपवरच्या जाहिरातीएवढं दिसलं.

“कप विसळून आणतो,” ते म्हणाले.

कप विसळायला त्यांना बराच वेळ लागला. परत आले तेव्हा बोर्ड कागदात गुंडाळून खिडकीत ठेवलेला होता आणि मेव्हणा बाहेरच्या दारापाशी, चपलांच्या फळीवर, एक छोटा लाल दिवा बसवत होता.

“हा कशाला?”

“मागच्या खोलीत बल्बपुरती नवी तार ओढलीय. तिथं काहीही चालू राहिलं की हा पेटेल. चपला घालताना नजर जाते.”

“पण दोष तर जॉइंटचा...”

“वायरिंगचा काय भरवसा, दाजी,” मेव्हणा स्क्रू पिळत म्हणाला.

काकांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं ठरवलं, पण नजर स्क्रूपर्यंतच पोचली.

संध्याकाळी बहीण-भाऊ मेव्हण्याच्या घरी जायला निघाले. ते वळणाआड जाताच काका मागच्या खोलीत गेले, तिथला बल्ब लावून खिडकीतलं पुडकं शोधलं, ते छातीशी धरलं आणि चपला उलटसुलट अडकवून तडक कोपऱ्यावर आले. बाक भरलेला होता. शिवणवाल्या बाई दुकान बंद करून नेमक्या तिथूनच चालल्या होत्या.

“बाई, थांबा. सगळ्यांनीच ऐका. जॉइंट ढिला नव्हता. शेगडी मी चालू ठेवली होती. इथं बसून भोवरा फिरवत होतो.”

कुणी हसलं नाही. पुढं काहीतरी येणार म्हणून सगळे वाट बघत राहिले.

“एवढंच,” काका म्हणाले.

“काका, आज गोष्ट फारच आखूड,” इस्त्रीवाला म्हणाला. “ठिणगी कुठं गेली?”

“ठिणगी नव्हतीच! पुरावा आहे. हे बघा, बटणाच्या कडेला पांढरं...”

त्यांनी कागद सोडला. बोर्ड लख्ख होता. वरपासून खालपर्यंत पुसलेला, कडा न् कडा घासलेली, रॉकेलचा वास येत असलेला. सगळाच पांढरा.

काका कप विसळत होते तोवर मेव्हण्यानं पुरावाच विसळून टाकला होता.

मग मात्र बाक हसला. “काजळीनं घाबरून पळ काढला म्हणा!” कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “मेव्हण्याला सांभाळून घेताहेत हो, बायकोचा भाऊ शेवटी!” काकांनी पुन्हा सांगितलं, आणि दर वेळी ते जास्तच थापेसारखं वाटायला लागलं. शेवटी त्यांनी बोर्ड कागदात गुंडाळला आणि ते वळले.

बाईंचं घर त्याच बाजूला होतं. काही पावलं दोघं बरोबर चालले.

“मन मोठं आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. “मेव्हण्यासाठी स्वतःवर घेताय. पण मला माझ्या दुकानाचं बघायला हवं.”

“मन कसलं, बाई.”

काकांचं घर आलं. दार ढकललं, तर आतल्या अंधारात चपलांच्या फळीवर लाल ठिपका जळत होता.

बाई उंबऱ्याशीच थांबल्या. “हे काय?”

“दिवा.” काकांनी चपला काढल्या. डावी उजव्या पायात होती. “मागच्या खोलीत मी काही चालू विसरलो की पेटतो. मेव्हण्यानं आजच बसवला.”

“आत कुणी आहे?”

“कुणी नाही.”

बाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग काकांच्या हातातल्या पुडक्याकडे, मग पुन्हा दिव्याकडे. काका मान खाली घालून उभे होते; त्यांच्या टकलावर सकाळची काजळी तशीच होती.

“आधी ते बंद करून या,” बाई हळूच म्हणाल्या. “मी थांबते. मेव्हण्यांचं घर कुठं आहे, ते मला दाखवा.”